सव्वापाच आणि साडेतीन इंची फ्लॉप्या: कोणता ड्राइव्ह काय वाचतो आणि कशात लिहू नये

ताई, उत्तराआधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या बाबांचं नागपूरच्या इतवारीत टाइपसेटिंगचं दुकान होतं. १९८९ ते १९९८ या काळातल्या स्मरणिका, दिवाळी अंक आणि बाबांचं स्वतःचं लेखन फ्लॉप्यांवर आहे. काही मोठ्या, म्हणजे सव्वापाच इंची, काळ्या आणि लवचिक; काही साडेतीन इंची, टणक प्लॅस्टिकच्या. छोट्यांसाठी तुम्ही यूएसबीचा ड्राइव्ह मागवला. त्यात काही उघडल्या, काहींच्या बाबतीत विंडोज 'फॉरमॅट करायचं का' असं विचारतं. मोठ्यांसाठी कबाड्याकडून दोन टीॲक ड्राइव्ह आणले, एकावर एफडी-५५बीआर लिहिलंय आणि दुसऱ्यावर एफडी-५५जीएफआर. माळ्यावर बाबांचा जुना एक्सटी संगणक आहे, पण त्याचा ड्राइव्ह फिरत नाही. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: हे दोन्ही ड्राइव्ह सारखेच का, आणि जीएफआरमध्ये फाइली वाचून त्या दुसऱ्या मोठ्या फ्लॉपीवर उतरवून बाबांच्या एक्सटीत चालवता येतील का.

बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, पण हे आत्ताच वाचा. विंडोज फॉरमॅटचं विचारेल तेव्हा दर वेळी 'नाही' म्हणा. त्या प्रश्नाचा अर्थ फ्लॉपी रिकामी किंवा खराब आहे असा होत नाही. तिच्यावरची मांडणी विंडोजला ओळखता आली नाही, एवढाच होतो.

दुसरं, कोणतीही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिचं लिहिणं बंद करा. मोठ्या आणि छोट्या फ्लॉपीत हे नेमकं उलट असतं आणि तिथे भले भले गोंधळतात. मोठ्या फ्लॉपीचं लेबल वर धरलं की उजव्या कडेला एक चौकोनी खाच दिसते. ती उघडी असेल तर लिहिता येतं, झाकली की बंद. छोट्या फ्लॉपीत मागची सरकपट्टी सरकवून खिडकी उघडी केली की लिहिणं बंद होतं. मोठीची खाच झाकायला साधा पारदर्शक सेलोटेप वापरू नका. बऱ्याच ड्राइव्हमध्ये ही खाच प्रकाशानं तपासली जाते आणि सेलोटेपमधून प्रकाश आरपार जातो. तुम्हाला वाटेल झाकली, ड्राइव्हला दिसेल उघडी. फ्लॉपीच्या डब्यासोबत मिळायच्या त्या काळ्या किंवा चंदेरी चिकटपट्ट्या सापडल्या तर उत्तम, नाहीतर जाड अपारदर्शक कागदी लेबल चालतं.

नुसतं वाचायचंय तर एवढी खबरदारी कशाला, असं वाटेल. विंडोज ९५पासून पुढे विंडोज लिहिणं बंद न केलेल्या फ्लॉपीच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, म्हणजे डेटाच्या पहिल्या छोट्या तुकड्यात, स्वतःची ओळखखूण लिहून ठेवायला लागलं. तुम्ही नुसती यादी बघितलीत तरी फ्लॉपीवर लिखाण झालेलं असतं. पस्तीस वर्षांच्या जुन्या चुंबकी थरावर, अनोळखी ड्राइव्हनं, तुम्ही न सांगता. हे मला अजिबात नको असतं.

आता मुद्द्यावर येतो. 'हा ड्राइव्ह त्या फ्लॉपीला चालेल का' हा प्रश्न एकच वाटतो, पण त्यात दोन प्रश्न आहेत. चालेल म्हणजे वाचेल का, आणि चालेल म्हणजे त्यानं लिहिलेलं दुसऱ्या ड्राइव्हला वाचता येईल का. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो, नवा ड्राइव्ह जुनं वाचतो' असं असतं. दुसऱ्याचं, निदान मोठ्या फ्लॉपीच्या बाबतीत, 'नाही' असंच धरून चाला. लोकांचा डेटा जातो तो या दोन उत्तरांची गल्लत झाल्यामुळे.

तुमचे दोन ड्राइव्ह सारखे नाहीत. टीॲकच्या या मालिकेत ५५ नंतरचं अक्षर महत्त्वाचं असतं. बी म्हणजे दोन बाजू, प्रत्येक बाजूला ४० ट्रॅक, म्हणजे डेटाची गोल वर्तुळं. हा ३६० केबीचा ड्राइव्ह. जी म्हणजे ८० ट्रॅकचा, १.२ एमबीचा. मध्ये एक एफ येतो, तो ८० ट्रॅकचा पण कमी घनतेचा, म्हणजे ट्रॅकमध्ये कमी डेटा मावणारा; पीसीत तो फारसा वापरला गेला नाही, पण कबाडात सापडतो आणि फसवतो. पॅनासोनिकचे असतील तर जेयू-४५५ हा ३६०चा आणि जेयू-४७५ हा १.२चा. बाहेरून हे सगळे जुळ्या भावांसारखे दिसतात, म्हणून आकारावर किंवा दांडीवर जाऊ नका, नंबर बघा.

दोघांत फरक काय ते नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप कळतं. ३६०च्या फ्लॉपीवर प्रत्येक बाजूला ४० ट्रॅक, ट्रॅकमध्ये ९ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की ३६० केबी येतात. ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे फिरतो. १९८४मध्ये आयबीएमनं पीसी एटी आणला तेव्हा त्यात १.२ एमबीचा ड्राइव्ह आला: ८० ट्रॅक, १५ सेक्टर, मिनिटाला ३६० फेरे. ट्रॅक दुप्पट बसवायचे म्हणजे ते जवळजवळ आले, इंचाला ४८ होते ते ९६ झाले, आणि म्हणून हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग, तेही अरुंद झालं, साधारण निम्म्या रुंदीचं.

दुप्पट हा आकडा नेमका असल्यामुळे वाचणं सोपं जातं. १.२चा ड्राइव्ह ३६०ची फ्लॉपी वाचताना एक ट्रॅक सोडून एक पावलं टाकतो. फेरे जास्त असल्यानं डेटा सेकंदाला २५० ऐवजी ३०० किलोबिट या वेगानं येतो, पण एटीपासूनच्या कंट्रोलरला, म्हणजे संगणकातल्या ड्राइव्ह चालवणाऱ्या भागाला, तो वेग झेपतो. म्हणजे तुमचा जीएफआर बाबांच्या दोन्ही प्रकारच्या मोठ्या फ्लॉप्या वाचेल. बीआर फक्त ३६०च्या वाचेल, १.२च्या त्याला कधीही दिसणार नाहीत.

लिहिताना मात्र हाच अरुंदपणा अंगाशी येतो. भिंतीवर रुंद ब्रशनं चुन्याचा पट्टा ओढलेला आहे आणि त्याच्या मधोमध बारीक ब्रशनं वेगळ्या रंगाचा पट्टा ओढला, तर दोन्ही कडांना जुना चुना शिल्लक राहतो. ३६०च्या ड्राइव्हनं लिहिलेल्या ट्रॅकवर जीएफआरनं लिहिलं की असंच होतं. जीएफआर परत वाचेल तेव्हा त्याचं अरुंद हेड फक्त मधला नवा पट्टा बघतं आणि सगळं ठीक दिसतं. तीच फ्लॉपी एक्सटीच्या ३६०च्या ड्राइव्हमध्ये घातली की रुंद हेडला मधला नवा डेटा आणि कडांचा जुना डेटा एकदमच ऐकू येतात. मग डॉस, म्हणजे एक्सटीची विंडोजआधीची प्रणाली, आपलं नेहमीचं विचारत बसतं, परत प्रयत्न करू की सोडून देऊ. फॉरमॅट केल्यानंही हे सुटत नाही, कारण फॉरमॅटही त्याच अरुंद हेडनं होतं, कडा तशाच राहतात.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जीएफआरमधून लिहून एक्सटीत नेऊ नका. त्याऐवजी बीआर हाच एक्सटीत बसवा. तो त्या घरचाच आहे, ३६०चा ३६०ला, आणि एक्सटीच्या कंट्रोलरलाही तोच चालतो. जीएफआर तिथे लावून उपयोग नाही, कारण जुन्या एक्सटी कंट्रोलरकडे १.२ला लागणारा सेकंदाला ५०० किलोबिटचा वेग नसतो. समजा कधी १.२च्या ड्राइव्हमधूनच ३६०ची फ्लॉपी बनवणं भाग पडलं, तर फ्लॉपी कधीच न वापरलेली किंवा चुंबकी इरेझरनं पूर्ण पुसलेली हवी, डॉसमध्ये फॉरमॅट कमांडला ४चा स्विच देऊन ती तयार करायची, आणि पुढे तिच्यावर ३६०च्या ड्राइव्हमधून काही लिहायचं नाही. तरीही एक्सटीत ती दर वेळी वाचलीच जाईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. नव्याकोऱ्या फ्लॉपीवरही अरुंद पट्ट्याचा सिग्नल रुंद हेडला दुबळाच वाटतो.

फ्लॉपी स्वतः कोणत्या प्रकारची आहे हेही ओळखा. लेबलवर डीडी (दुहेरी घनता), २डी किंवा ४८ टीपीआय (इंचाला ट्रॅक) असेल तर ती ३६०ची. एचडी (उच्च घनता) असेल तर १.२ची. लेबल निघून गेलं असेल तर मधल्या मोठ्या भोकाची कड बघा. डीडी फ्लॉपीला तिथे बहुधा मजबुतीची एक वेगळी कडी चिकटवलेली असते, एचडीला सहसा नसते. नियम पक्का नाही, पण बऱ्याचदा उपयोगी पडतो. दोघींचा चुंबकी थर वेगळा आहे. डीडीला लिहायला सुमारे ३०० ओर्स्टेड (हे चुंबकी बळाचं एकक) बळ लागतं, एचडीला सुमारे ६००, म्हणजे दुप्पट. म्हणून महाग एचडी फ्लॉपी ३६०च्या ड्राइव्हमध्ये 'जास्त चांगली टिकेल' म्हणून वापरली असेल तर तिच्यावर डेटा धड बसलेलाच नसतो. तशी एखादी सापडली तर तिला शेवटी हात लावा.

छोट्या फ्लॉप्यांचं प्रकरण वेगळं आहे. ७२० केबी आणि १.४४ एमबी, दोन्हींत ८० ट्रॅक, दोन्हींत ३०० फेरे, ट्रॅकची रुंदीही तीच. फरक फक्त ट्रॅकमधल्या सेक्टरचा, ९ आणि १८. म्हणून इथे वर सांगितलेला कडांचा त्रास नाही आणि १.४४चा ड्राइव्ह ७२०ची फ्लॉपी वाचतोही, लिहितोही. ओळख एका भोकाची: लिहिणं बंद करायच्या खिडकीच्या समोरच्या कोपऱ्यात दुसरं चौकोनी भोक असेल तर ती एचडी, नसेल तर ७२०ची. ड्राइव्ह ते भोक बघून कोणत्या घनतेनं वाचायचं ते ठरवतो.

आणि त्या काळी पैसे वाचवायला लोकांनी याच भोकाशी खेळ केलाय. ७२०ची स्वस्त फ्लॉपी घेऊन तिला भोक पाडायचं आणि १.४४ म्हणून फॉरमॅट करायची. साडेतीन इंचीमध्ये दोन्ही थरांच्या चुंबकी बळात फार अंतर नाही, त्यामुळे हे काही दिवस चालायचंही. अशा फ्लॉप्यांवरचा डेटा आता सर्वांत कमकुवत झालेला असतो. भोकाची कड खडबडीत, हातानं पाडलेली दिसली तर ती वेगळी काढून ठेवा. उलटही व्हायचं: एचडी फ्लॉपी भोक न तपासणाऱ्या जुन्या ड्राइव्हमध्ये ७२० म्हणून फॉरमॅट केलेली. ती आजच्या ड्राइव्हमध्ये घातली की भोक बघून ड्राइव्ह १.४४ समजतो, काही सापडत नाही, आणि तुम्हाला फॉरमॅटचं विचारतो. भोकावर अपारदर्शक पट्टी लावा आणि परत घाला. न उघडणाऱ्यांतल्या काही नुसत्या एवढ्यानंच उघडतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता मला जास्त वाटते. टाइपसेटिंगचं दुकान म्हणजे नव्वदीत मॅकिंटॉश असण्याची शक्यता. दुकानात नसला तरी प्रोसेसिंगवाल्याकडे असायचाच, आणि फ्लॉप्या इकडून तिकडे जायच्या. मॅकची १.४४ची फ्लॉपी कोणत्याही ड्राइव्हला वाचता येते, पण तिच्यावरची फाइल व्यवस्था विंडोजला कळत नाही, म्हणून फॉरमॅटचा प्रश्न येतो. तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे सगळ्या फ्लॉपीची एका फाइलीत हुबेहूब नक्कल, काढली की मॅकच्या फाइली वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती उघडते. मॅकची ४०० आणि ८०० केबीची फ्लॉपी मात्र वेगळी. त्यात ड्राइव्हच्या फेऱ्यांचा वेग ट्रॅकनुसार बदलायचा आणि बिटं लिहिण्याची पद्धतही वेगळी होती. यूएसबी ड्राइव्हला ती जन्मात कळणार नाही. लेबलवर बाबांच्या अक्षरात 'मॅक' असं काही लिहिलंय का ते आधी बघा.

यूएसबी ड्राइव्हची मर्यादाही इथेच सांगतो. तो आतल्या आत सेक्टर वाचतो आणि तुम्हाला फक्त निकाल देतो. १.४४ नक्की वाचतो, ७२० बहुतेक वाचतो, पण काही स्वस्त ड्राइव्ह तेही धड वाचत नाहीत. याहून वेगळं काही समोर आलं की हात वर. सव्वापाच इंचीचा ड्राइव्ह त्याला जोडण्याची तर सोयच नाही. सोप्या फ्लॉप्यांसाठी तो जरूर वापरा, अडलेल्यांवर त्याची जबरदस्ती करू नका. परत परत वाचायला लावलं की हेड त्याच जागी घासत राहतं.

अडलेल्यांसाठी मी ग्रीसवीझल नावाचं छोटं कार्ड वापरतो. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला फ्लॉपीची ३४ पिनांची जागा, आणि त्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे. हे कार्ड सेक्टर वाचतच नाही. फ्लॉपीवर चुंबकी दिशा कुठे कुठे बदलते त्याची वेळ नोंदवतं आणि तो कच्चा माल तुमच्या संगणकावर ठेवतं. ती फ्लॉपी ३६०ची होती, मॅकची होती की आणखी कुठली, याचा अर्थ नंतर सवडीनं लावता येतो, फ्लॉपीला परत हात न लावता. बीआर, जीएफआर आणि साधा अंतर्गत साडेतीन इंची ड्राइव्ह हे तिन्ही त्याच कार्डावर चालतात. जीएफआरमध्ये ३६०ची फ्लॉपी वाचताना ट्रॅक एकाआड एक घ्यायचे हे मात्र सॉफ्टवेअरला सांगावं लागतं.

याच कारणासाठी ते कार्ड शाळेच्या जुन्या फ्लॉप्यांनाही लागतं. १९८४मध्ये शाळांत संगणक शिकवण्याच्या क्लास प्रकल्पातून आपल्याकडच्या शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यांच्या मोठ्या फ्लॉप्या दिसायला बाबांच्या फ्लॉप्यांसारख्याच, पण बहुतेक एकेरी घनतेनं लिहिलेल्या, आणि बऱ्याच पीसींच्या कंट्रोलरला ती पद्धत वाचता येत नाही. कुणाकडे निघाल्या तर कृपा करून फेकू नका.

आता जोडणी. मोठ्या ड्राइव्हच्या पाठीमागे पिना नसतात, सर्किटची सोनेरी पट्ट्यांची कडच बाहेर आलेली असते. त्याला जुनी, दोन्ही प्रकारचे कनेक्टर असलेली रिबन केबल लागते. कबाड्याकडे ती ड्राइव्हबरोबरच मागायची असते, नंतर ती मिळणं अवघड. केबलची लाल कड पिन १कडे. ती उलटी लागली की ड्राइव्हचा दिवा चालू होतो तो विझतच नाही. असं दिसलं तर त्यात फ्लॉपी मुळीच घालू नका. उलट्या केबलमध्ये सगळ्या सिग्नलच्या तारा एकदम ग्राउंडला लागून चालू होतात, त्यात लिहिण्याचा सिग्नलही आला. लिहिणं बंद न केलेली फ्लॉपी अशा ड्राइव्हमध्ये घालणं म्हणजे तिच्यावर पाणी ओतणं. वीज बंद करा, केबल सरळ करा, दिवा फक्त कामापुरता लागतोय याची खात्री करा, मग पुढे.

केबलमध्ये काही तारांना पीळ असतो. पिळाच्या पलीकडच्या टोकाचा ड्राइव्ह ए होतो, अलीकडचा बी. पीसीसाठी दोन्ही ड्राइव्हचा निवडीचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) डीएस१वर असावा लागतो. कबाडातला ड्राइव्ह दुसऱ्या कुठल्या यंत्रातून आलेला असेल तर तो डीएस०वर असतो, आणि मग 'ड्राइव्ह खराब आहे' असं समजून लोक फेकून देतात. मोठ्या ड्राइव्हला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात, म्हणून एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या डब्यातला वीजपुरवठा, हवाच, यूएसबीवर तो फिरणार नाही. छोट्या ड्राइव्हचा वीजेचा प्लग बारीक असतो आणि घाईत एक पिन सरकून बसू शकतो. मग १२ व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात आणि ड्राइव्ह तिथेच संपू शकतो. तो प्लग उजेडात, डोळ्यांनी बघून लावा.

इथवर जे सांगितलं ते प्रकारांबद्दल होतं. काही गोष्टी मात्र तुमच्याकडच्या वस्तूंच्या अवस्थेवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. प्रत्येक ड्राइव्हचं हेड ट्रॅकवर नेमकं कुठे बसतं यात थोडा फरक असतो. एखाद्या ड्राइव्हचं हेड वर्षानुवर्षं किंचित सरकलेलं असेल तर त्यानं लिहिलेलं त्यालाच नीट वाचता येतं, दुसरा त्याच प्रकारचा ठणठणीत ड्राइव्ह तिथे अडखळतो. म्हणून बाबांच्या एक्सटीतला बंद ड्राइव्ह टाकू नका. त्या फ्लॉप्यांना त्याच्याइतका जवळचा दुसरा कोणी नाही. जुना, उंचीला मोठा ड्राइव्ह असेल तर आत रबरी पट्टा असतो. तो सैल झाला किंवा तुटला की चकती फिरत नाही, आणि पट्टा बदलता येतो. कधी नुसतं दांड्यावरचं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं.

त्याचप्रमाणे एखादी ३६०ची फ्लॉपी बीआरमध्ये अडली तर जीएफआरमध्ये घालून बघा, आणि उलटही. रुंद हेडला सिग्नल जोरात मिळतो. अरुंद हेडला ट्रॅक जरा बाजूला असला तरी चालतं, आणि पूर्वी कुणी १.२च्या ड्राइव्हमधून त्या फ्लॉपीवर लिहिलं असेल तर फक्त अरुंद हेडच ते वाचू शकतं. दुकानात दोन पिढ्यांचे संगणक होते तिथे अशा मिश्र फ्लॉप्या हमखास असतात.

मग आपल्या नागपूरची हवा. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पत्र्याखालच्या माळ्यावर किती होत असेल ते तुम्हाला सांगायला नको. फ्लॉपीच्या पाकिटांवर बऱ्याच कंपन्या १० ते ५२ अंशांची खूण छापत. माळ्यावरचं लोखंडी कपाट ती मर्यादा ओलांडू शकतं, आणि मग जॅकेट वाकतं. पण माझ्याकडे येणाऱ्या फ्लॉप्यांचं उन्हापेक्षा जास्त नुकसान कुलरनं केलेलं असतं. मार्च ते जून कुलरच्या खोलीत दमट हवा, त्यावर पावसाळा, आणि बंद प्लॅस्टिकचा डबा. बुरशी धरते.

म्हणून ड्राइव्हमध्ये घालण्याआधी प्रत्येक मोठी फ्लॉपी उजेडात धरा, मधल्या भोकात बोटं घालून चकती हळूहळू फिरवा, आणि लांबट खिडकीतून थर बघत जा. त्याला स्पर्श करू नका. एकसारखा गडद तपकिरी दिसला तर ठीक. पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. गोल गोल चकचकीत रेघा दिसल्या तर थर खरवडला गेलाय. बुरशीची एक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये फिरली की घाण हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीला तेच हेड ओरखडतं. एकामागून एक फ्लॉप्या 'खराब' निघायला लागल्या की थांबा, दोष बहुतेक हेडवरच्या घाणीत असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारी काडी घेऊन हेड पुसा, वाळू द्या. वरचं हेड नाजूक पट्टीवर असतं, ते जास्त उचलू नका. बुरशीच्या फ्लॉप्या जॅकेट कापून, चकती बाहेर काढून, डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन दुसऱ्या स्वच्छ जॅकेटमध्ये घालता येतात, पण हे पहिल्यांदाच बाबांच्या फ्लॉपीवर करू नका. रिकाम्या फ्लॉपीवर हात बसवा किंवा सवय असलेल्याकडे द्या.

आतापर्यंतचं एकत्र: जीएफआर आणि बीआर दोन्ही वाचायला वापरा, लिहायला जीएफआर वापरू नका, बीआर एक्सटीत बसवा, छोट्यांमध्ये भोक तपासा, मॅकची शक्यता धरा, आणि प्रत्येक फ्लॉपी लिहिणं बंद करूनच आत जाऊ द्या. सुरुवात सगळ्यात बिनमहत्त्वाच्या फ्लॉपीनं करा. लग्नपत्रिकांची एखादी घ्या, बाबांच्या लेखनाची नको. एक नीट वाचली, हेड पुसून दुसरी नीट वाचली, मग महत्त्वाच्यांकडे वळा. फाइली एकेक कॉपी करत बसू नका, संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा काढा आणि लेबलचा फोटो त्याच नावानं ठेवा. लेबलवरचा मजकूर पुष्कळदा फाइलच्या आठ अक्षरी नावापेक्षा जास्त सांगतो.

जाता जाता, हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांतून कुणी हे वाचत असेल तर: तुमच्या जुन्या सीएनसी यंत्राला ७२०च्याच फ्लॉप्या लागतात आणि त्या मिळत नाहीत, तर एचडी फ्लॉपीचं भोक बुजवून काम चालवण्यापेक्षा गोटेकसारखा पेन ड्राइव्हवर चालणारा बदली ड्राइव्ह बसवा. फक्त तो ७२०ला जमणारा आहे ना, ते घेताना विचारा.

फ्लॉपी वाचली गेली म्हणजे मजकूर मिळाला असं नाही, हे मराठी दुकानदाराच्या मुलीला सांगायला हवं. यादीत बॅकअप.००१ आणि कंट्रोल.००१ अशा फाइली दिसल्या तर ती डॉसच्या बॅकअप कमांडनं केलेली साठवण आहे. एकच मोठी फाइल अनेक फ्लॉप्यांवर पसरलेली असते, क्रमाने सगळ्या मिळाल्या तरच रिस्टोअर होते. अशा संचातली एकही फ्लॉपी वेगळी पडू देऊ नका.

साध्या मजकुराच्या फाइली असतील तर अक्षरांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसेल. घाबरू नका, डेटा शाबूत असू शकतो. बाबांच्या एक्सटीत सीडॅक या सरकारी संस्थेचं, भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड असेल तर मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतपद्धतीत असणार, आणि तो आजच्या युनिकोडमध्ये जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. नंतरच्या काळातल्या फाइली श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये असतील तर प्रत्येक फॉन्टचा वेगळा परिवर्तक, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, लागतो. कोणतं आहे हे ओळखायची एक खूण आहे. इस्कीमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवतात: 'कि' मध्ये आधी क, त्याचा क्रमांक १७९, आणि मग ऱ्हस्व वेलांटी. फॉन्टच्या मजकुरात दिसतं तसं साठवतात, म्हणजे वेलांटी आधी आणि क नंतर.

पहिली फाइल हाती लागली की ती हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून पहिल्या दोन-तीन ओळींचा फोटो इथे टाका, आणि शीर्षक काय असावं असा बाबांचा अंदाज सोबत लिहा. त्यावरून कोणता परिवर्तक लागेल ते सांगतो.